नाव बदलण्याआधी धागे सोडवा

गावाचं नाव राजगुरुनगर. तालुक्याचं नाव मात्र आजही खेड, पोलीस ठाणं खेडचं आणि विधानसभेचा मतदारसंघ खेड आळंदी. चाकणहून संध्याकाळी घरी निघालेला माणूस फोनवर ‘खेडला पोचतोय’ असंच सांगतो. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या जन्मगावाला त्यांचं नाव मिळालं ते सन्मानासाठी. जुनं नाव सोबत राहिलं, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. उलट जुने दस्त शोधताना ते कामालाच येतं.

माणसाच्या ऑनलाइन नावाचं मात्र असं नसतं. छळणाऱ्या कुणापासून सुटका व्हावी म्हणून एखादी मुलगी इन्स्टाग्रामवरचं नाव बदलते आणि तो माणूस दोन दिवसांत नव्या नावापाशी येऊन उभा राहतो. कंपनीतल्या सुपरवायझरच्या नजरेस पडू नये म्हणून एखादा तरुण नवा आयडी घेतो आणि ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून तोच आयडी त्या सुपरवायझरला सुचवला जातो. नाव बदललं, पण माग तसाच राहिला. नाव बदलणं म्हणजे घरावरची पाटी बदलणं. घराचा रस्ता, दार आणि ये-जा करणारी माणसं तीच राहतात. म्हणून नाव बदलण्याआधी, जुन्या नावापासून नव्या नावापर्यंत कुठून कुठून पोचता येतं हे पाहायला हवं आणि त्या वाटा एकेक करून बंद करायला हव्यात. या लेखात तेच क्रमानं सांगतो आहे.

नाव कुणासाठी बदलायचं आहे?

पहिला प्रश्न हाच, कारण सगळं उत्तरावर ठरतं. लग्नानंतर आडनाव बदललं, दुकानाचं नाव बदललं, कॉलेजात असताना गमतीनं घेतलेलं नाव आता नोकरीच्या वयात शोभत नाही, अशा वेळी लपवायचं काहीच नसतं. आहे त्याच खात्याचं नाव बदलावं. फॉलोअर, संदेश, जुन्या पोस्ट सगळं जागेवर राहतं आणि तेच हवं असतं.

पण कुणापासून दूर जायचं असेल, मग तो मोडलेल्या नात्यातला माणूस असो, पाठलाग करणारा असो, व्याजानं पैसे देणारा असो की गावातली चौकस मंडळी, तर नुसतं नाव बदलणं पुरत नाही. नाव बदललं तरी खात्यातलं सगळं टिकतं आणि तुम्हाला शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. अशा वेळी जुनं खातं बंद करून, नव्या ईमेलवर आणि शक्य झाल्यास नव्या नंबरावर, नव्यानं सुरुवात करणं अधिक सुरक्षित. जुनी मित्रयादी एकगठ्ठा नव्या खात्यात आणू नका. त्या यादीतला एक जण जरी त्या माणसाच्या ओळखीचा असला, तरी वाट उघडी राहते.

नाव बदललं तरी काय बदलत नाही

बहुतेक ठिकाणी आपल्या खात्याची खरी ओळख म्हणजे आतला एक क्रमांक असतो. दिसणारं नाव त्या क्रमांकावर चिकटवलेलं असतं. एक्स किंवा टेलिग्रामवर तुम्ही नाव बदललंत तरी हा क्रमांक तोच राहतो. ज्यानं तो आधीच टिपून ठेवला आहे, त्याला तुमचं नवं नाव शोधायला फार कष्ट पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, तुम्हाला इतरांनी मारलेल्या हाका. कुणी प्रतिसादात तुमचं जुनं नाव लिहिलं असेल, तुमचं वाक्य नावासह उद्धृत केलं असेल, स्क्रीनशॉट काढला असेल, तर ते तुमच्या हातात नाही. एक्सवर जुन्या पोस्टमधले तुमच्या जुन्या नावाचे उल्लेख तसेच राहतात. ते जुनं नाव मोकळं झालं की दुसरा कुणी घेऊ शकतो आणि ते उल्लेख मग त्याच्या खात्याकडे बोट दाखवतात. ज्याचं दुकान, क्लास किंवा खानावळ त्या नावावर चालते, त्यानं याची विशेष काळजी घ्यावी. पत्रिका, फलक आणि गाडीवरची जुनी नावं आधी बदलून घ्यावीत.

प्रत्येक ठिकाणचा नियमही वेगळा आहे. फेसबुकवर एकदा नाव बदललं की ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही. यूट्यूबवर १४ दिवसांत दोनदा बदलता येतं. रेडिटवर स्वतः निवडलेलं नाव बदलताच येत नाही; तिथे खातं पुसलं तरी तुमचं लिखाण राहतं, फक्त त्यावरचं नाव जातं. म्हणून तिथे आधी लिखाण पुसायचं आणि नंतर खातं.

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. तिथे सदस्यनाव बदलून मागता येतं आणि तुमची सगळी संपादनं नव्या नावाखाली दिसू लागतात. पण कोणतं जुनं नाव कोणतं नवं झालं याची नोंद सर्वांसाठी खुली राहते आणि चर्चापानांवरच्या जुन्या सह्या आपोआप बदलत नाहीत. ज्ञानकोशाचा सगळा कारभार उघड नोंदींवर उभा असल्यानं ते रास्तही आहे. ज्याला खरोखर अनोळखी व्हायचं आहे, त्यानं तिथे नाव बदलून मागण्यापेक्षा जुनं खातं सोडून द्यावं आणि नव्या खात्यावरून जुन्या वादांत पडू नये.

ज्या धाग्यांवरून माणूस सापडतो

फोन नंबर हा सगळ्यांत मोठा धागा. तुमचा नंबर ज्याच्या फोनमध्ये जतन आहे, त्यानं आपली संपर्कयादी एखाद्या ॲपला दिली की ते ॲप त्याला तुमचं खातं सुचवू शकतं. तुम्ही कितीही जपलंत तरी दुसऱ्याच्या फोनमधून वाट निघते. त्यामुळे खात्याला जोडलेला नंबर कोणता, नंबरावरून मला शोधू द्यायचं की नाही, माझं खातं इतरांना सुचवायचं की नाही, हे तिन्ही पर्याय प्रत्येक ॲपमध्ये उघडून पाहा. तुमची स्वतःची संपर्कयादी चढवली गेली असेल, तर तीही थांबवा.

दुसरा धागा फोटो. नाव नवं आणि फोटो तोच असेल, तर गुगल लेन्सला दोन्ही खाती जुळवायला क्षण पुरतो. चेहराच असायला हवा असं नाही. दारातली स्कूटर, भीमेच्या काठावर काढलेला तोच तो फोटो, घरातला पडदा हेही पुरतं.

तिसरा धागा म्हणजे एकच नाव सगळीकडे वापरण्याची सवय. इन्स्टाग्रामवर बदललेलं नाव यूट्यूबवर, गेममध्ये, जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर तसंच राहिलेलं असतं. गुगल मॅप्सवरचे अभिप्राय तर कुणाच्या लक्षातही नसतात. एका नावावर लिहिलेले सगळे अभिप्राय एकत्र पाहता येतात आणि त्यातून तुमचा दवाखाना, मुलांची शाळा, नेहमीचं हॉटेल आणि राहण्याचा परिसर ओळीनं समोर येतो. तिथली सार्वजनिक माहिती मर्यादित ठेवायची सोय आहे, ती वापरा.

चौथा धागा पैशाचा. अनेकांचा यूपीआय आयडी म्हणजे त्यांचा फोन नंबरच असतो आणि पैसे पाठवताना बँकेत नोंदवलेलं पूर्ण नाव समोरच्याला दिसतं. टोपणनावानं वावरणारी व्यक्ती वर्गणीसाठी क्यूआर कोड टाकते आणि तिथेच खरं नाव कळतं. निदान नंबर तरी जाऊ नये म्हणून नंबर नसलेला वेगळा यूपीआय आयडी बनवून घ्या.

पाचवा धागा तुमची दिनचर्या. ‘आज तिसरी शिफ्ट’, ‘बस चुकली’, ‘आमच्याकडे लाइट गेली’ अशी वाक्यं महिनाभर जोडून वाचली, की माणूस कोणत्या बाजूला राहतो, कधी घरी एकटा असतो हे कळतं. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना ती नोंद निघून जाते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती सोबत जाते. भाड्याच्या खोलीचे किंवा विकायच्या गाडीचे फोटो पाठवताना हे ध्यानात असू द्या.

कामाचा क्रम

क्रम चुकला तर केलेलं काम वाया जातं. म्हणून याच क्रमानं जा.

१. त्रास होत असेल तर आधी पुरावा ठेवा. संदेशांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घ्या आणि समोरच्याच्या खात्याची लिंक उतरवून ठेवा. नुसतं नाव टिपू नका, तो ते कधीही बदलू शकतो.

२. आपलं खातं कोणकोणत्या फोनवर उघडं आहे ते सेटिंगमध्ये पाहा. अनोळखी किंवा जुना फोन दिसला तर बाहेर काढा. मग पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा. ज्याच्यापासून दूर जायचं, त्याच्याच हातात पासवर्ड असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

३. आपलं जुनं नाव गुगलवर शोधा. रोमन आणि देवनागरी, दोन्ही लिपींत शोधा. कुठे कुठे दिसतं त्याची यादी करा.

४. यादीतल्या एकेका ठिकाणी जाऊन नंबर, गाव, कंपनीचं नाव, दुसऱ्या खात्यांच्या लिंक काढून टाका. ज्या खात्याची गरज उरली नाही ते पुसा.

५. फॉलोअर आणि मित्रयादी तपासा. नको असलेला माणूस आत असताना नाव बदललं, तर नवं नाव त्याला आपसूक दिसतं.

६. फोटो बदला आणि मगच नाव बदला. ‘माझा नवा आयडी हा’ अशी घोषणा करू नका. ज्यांना सांगायचं त्यांना एकेकट्याला सांगा.

७. काही दिवसांनी दुसऱ्याच्या फोनवरून, लॉग-इन न करता, स्वतःला शोधून पाहा. जुन्या नावावरून नव्यापर्यंत पोचता आलं, तर कुठला धागा राहिला ते तिथेच कळेल.

नवं नाव कसं घ्यावं

आपल्या पट्ट्यात मुलांच्या आयडीत नाव, गाव, जन्मसाल आणि शेवटी ‘एमएच १४’ अशी रचना फार दिसते. गावाचा आणि गाडीच्या पासिंगचा अभिमान समजण्याजोगा आहे. पण या चार तुकड्यांतून तुमचं वय, तालुका आणि ओळख कुणालाही मिळते. तेच जन्मसाल पासवर्डातही असतं, म्हणजे तो अंदाजही सोपा होतो. नव्या नावात खरं नाव, आडनाव, गाव, जन्मसाल, कंपनी किंवा मुलांची नावं आणू नका. आवडतं झाड, राग, पक्षी, काहीही चालेल; फक्त ते तुम्ही आजवर कुठे वापरलेलं नसावं.

आणि एकच नाव सगळीकडे नको. मराठीला ही गोष्ट नवी नाही. राम गणेश गडकरींनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावानं लिहिल्या, विनोद ‘बाळकराम’ या नावानं आणि नाटकं स्वतःच्या नावानं. प्रत्येक कामाला त्याचं नाव होतं. आजही तसंच करावं. नोकरीच्या ठिकाणी खरं नाव. गझल, क्रिकेट किंवा पाककृतींच्या गटात एक टोपणनाव. आजारपण, कर्ज, घरातला त्रास अशा नाजूक विषयांवर सल्ला मागायचा तर त्याहून निराळं नाव, निराळा ईमेल. एक नाव उघडं पडलं तरी बाकीची सुरक्षित राहतात. एवढं पथ्य पाळा, की दोन नावांनी एकमेकांची वाहवा करायची नाही आणि एकाच वादात दोन्ही नावांनी उतरायचं नाही. मराठी संस्थळांवर अशा ‘डुआयडीं’नी अनेक चांगल्या चर्चा नासवल्या आहेत. टोपणनाव स्वतःच्या रक्षणासाठी असावं, दुसऱ्याला फसवण्यासाठी नसावं.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम: नाव झाकलं, नंबर उघडा

व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर प्रत्येक सदस्याला दिसतो, मग नावाच्या जागी काहीही लिहा. सोसायटी, शाळा, बचत गट, गणेश मंडळ इथे ते चालून जातं. पण चाकण एमआयडीसीतल्या नोकऱ्यांच्या नावानं चालणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये तोच नंबर गेला, की तो कुठे फिरेल सांगता येत नाही. बाहेरगावाहून आलेली, खोली करून राहणारी मुलं-मुली अशा ग्रुपमध्ये थेट बायोडाटा टाकतात. त्यात जन्मतारीख, पत्ता, नंबर, कधी आधारचा फोटोही असतो. तो कधीही ग्रुपवर टाकू नका. कंपनी आणि ठेकेदार खरा असल्याची खात्री करूनच, थेट त्याच्याकडे पाठवा. आधार तर प्रत्यक्ष रुजू होताना मागितल्यावरच द्या.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ हा पर्याय ‘माझे संपर्क’ असा करा. फोटो, ‘लास्ट सीन’ आणि स्टेटसही संपर्कांपुरतंच ठेवा. फक्त माहिती मिळवायची असेल तर ग्रुपऐवजी चॅनेल बरं, कारण तिथे इतर फॉलोअरना तुमचा नंबर दिसत नाही. टेलिग्रामवर नंबर कुणालाच दिसू नये अशी सोय आहे आणि नंबरावरून शोधणं संपर्कांपुरतं मर्यादित करता येतं. हे दोन्ही पर्याय आपण मुद्दाम निवडायला हवेत.

नाव समोरचा बदलतो तेव्हा

नाव बदलणं हे फसवणाऱ्याचंही साधन आहे. पैसे उकळून झाले की चॅनेलचं नाव पालटतं, पेज नव्या कंपनीच्या नावानं उभं राहतं. अशा वेळी नावावर विसंबू नका. फेसबुक पेजची पारदर्शकतेची माहिती उघडा. पेज कधी सुरू झालं आणि आधी कोणत्या नावांनी चालत होतं ते तिथे दिसतं. काल फिल्मी गाण्यांचं असलेलं पेज आज नोकरभरती करत असेल, तर तिथून लगेच बाजूला व्हा. इन्स्टाग्रामवरही ‘या खात्याविषयी’मध्ये खातं कधीचं आहे ते पाहता येतं.

पैसे गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. राजगुरुनगरला राहणारा आणि चाकणला काम करणारा माणूस इथे अडखळतो, कारण खेड पोलीस ठाणं पुणे ग्रामीणमध्ये येतं आणि चाकण २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. हद्दीची चिंता तुम्ही करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. तपास योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. दुसऱ्याच्या नावानं खातं काढून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या नावाचं खोटं खातं दिसलं, तर आधी त्याची लिंक जपा, ॲपवर तक्रार करा आणि मग ठाण्यात जा.

हक्क तुमचा आहे

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २४ ऑगस्ट हा राजगुरूंचा जन्मदिवस. १९०८ साली याच दिवशी ते खेडला जन्मले. क्रांतिकारकांच्या संघटनेत ते ‘रघुनाथ’ या नावानं वावरत. त्यांच्यासाठी दुसरं नाव हा जिवाचा प्रश्न होता. आज आपल्याला आपलं नाव निवडायला तसा धोका पत्करावा लागत नाही, कारण संविधान आपल्या बाजूनं आहे.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. पण एक अट नीट लक्षात घ्या: जी माहिती तुम्ही स्वतःहून सर्वांसाठी खुली केली, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणून नंतर पुसून मागण्यापेक्षा आधीच न टाकणं श्रेयस्कर.

इतरांचं काम

हे सगळं एकट्यानं करून भागत नाही. ग्रुपमधल्या एखादीनं नाव बदललं आणि कुणी प्रेमानंच विचारलं, ‘अगं, तू तीच ना?’, तर तिनं सोडवलेले सगळे धागे त्या एका वाक्यानं पुन्हा बांधले जातात. म्हणून कुणाचं जुनं नाव चारचौघांत काढू नका. ओळख पटली तरी तिला खासगीत निरोप पाठवा, आणि तिनं उत्तर दिलं नाही तर तोही तिचा निर्णय माना. घटस्फोटानंतर, लिंगबदलानंतर, धर्म किंवा घर सोडल्यानंतर ज्यांनी नवं नाव घेतलं, त्यांच्यासाठी जुन्या नावानं हाक येणं म्हणजे सोडून आलेल्या त्रासात परत ओढलं जाणं असतं.

ग्रुप चालवणाऱ्यांवर जबाबदारी जास्त आहे. नव्या सदस्याला सगळ्यांसमोर ओळख करून द्यायची सक्ती करू नका. सदस्यांचे नंबर बाहेर कुणालाही देऊ नका. कुणी मागितलं तर त्याच्या जुन्या नावाचे संदेश हटवून द्या. एखाद्यानं दुसऱ्याचं खरं नाव फोडलं, तर तो संदेश आधी काढा आणि चर्चा नंतर करा. हे नियम ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा, म्हणजे नव्या माणसाला विचारावं लागणार नाही.

आणि आज रात्री एवढं करा: स्वतःचं नेहमीचं ऑनलाइन नाव गुगलवर शोधून पाहा, घरातल्या मुलांचंही शोधा. जे दिसेल त्यातलं कुठलं परक्या माणसाला कळलेलं चालेल आणि कुठलं चालणार नाही, हे मुलांना सोबत बसवून ठरवा. नाव कोणतं घ्यायचं आणि ते कुणाला सांगायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येकाचा आहे. तो वापरायला आपल्या मुलांना आपल्याकडूनच शिकू द्या.